हिवतापाचा काळा कण आणि प्रकाशाची पारख

हिवतापाचा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरतो तो खाण्यासाठी. तांबडी पेशी म्हणजे हिमोग्लोबिनने गच्च भरलेली, मधोमध दबलेली चकती. तिचा व्यास जेमतेम सात-आठ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. प्लाझ्मोडियम कुळातला हा एकपेशीय जीव आत मुक्काम ठोकतो आणि साधारण ४८ तासांत तिथला हिमोग्लोबिनचा बहुतांश साठा फस्त करतो. त्यातले प्रथिन त्याला पचते, पण लोह धरून बसलेला ‘हीम’ हा भाग पचत नाही. सुटे झालेले हीम उलट त्याच्याच जिवावर उठते. पेशीच्या बंद कोठडीत कचरा टाकायला जागाही नसते. मग परजीवी हे हीम रचून-रचून त्याचे न विरघळणारे स्फटिक बनवतो आणि पोटातल्या एका पोकळीत साठवतो. तपकिरी-काळ्या रंगाच्या या स्फटिकांना हिमोझॉइन म्हणतात. क्लोरोक्विनची गोळी नेमके हेच काम बंद पाडते. स्फटिक होत नाहीत, विषारी हीम साचत जाते आणि परजीवी मरतो.

निरोगी माणसाच्या रक्तात हिमोझॉइन नसते. रक्तात ते आढळले की परजीवी आत आहे, निदान नुकताच येऊन गेला आहे, असे समजायला हरकत नाही. प्रकाशाच्या साहाय्याने मलेरिया ओळखण्याच्या ज्या पद्धती गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुढे आल्या, त्यांतल्या बऱ्याचशा या कचऱ्याच्याच मागावर आहेत.

हा माग तसा जुना आहे. १८४७ साली योहान हाइनरिश मेकेल या जर्मन वैद्यकाला एका मृत रुग्णाच्या रक्तात आणि प्लीहेत काळसर कण दिसले. ते रोगाच्या कारणाशी जोडलेले आहेत, हे मात्र तेव्हा कोणाला उमगले नव्हते. पुढे आल्फोन्स लाव्हरां हे फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्जीरियात याच कणांच्या मागे लागले. ६ नोव्हेंबर १८८० रोजी कॉन्स्टँटिन इथल्या लष्करी रुग्णालयात एका सैनिकाचे ताजे रक्त ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. काळे कण पोटात घेतलेल्या एका गोल पिंडाला बारीक धागे फुटले आणि ते धागे चाबकासारखे वळवळू लागले. कण ज्याच्या पोटात आहेत तो जीव जिवंत आहे, हे त्या दिवशी डोळ्यांना दिसले. सतरा वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाचे जठर फाडून पाहिले. त्याच्या भिंतीतल्या गोल पेशींत त्यांना तसेच काळे कण आढळले. डासाच्या शरीरात मलेरियाचाच जीव वाढतो आहे, हा त्यांचा तर्क त्या कणांवरच उभा होता. रॉस यांना १९०२ चे आणि लाव्हरां यांना १९०७ चे नोबेल मिळाले. मलेरियाच्या इतिहासातले हे दोन्ही मोठे शोध काळ्या कणांचे बोट धरून लागले, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

रोजच्या निदानात मात्र कणांपेक्षा रंगाला महत्त्व आले. आजही निदानाचा मापदंड मानली जाते ती रक्ताची काचपट्टी. बोटाला सुई टोचून एकाच काचेवर दोन नमुने घेतात. एक जाड थर, रुपयाच्या नाण्याहून लहान. दुसरा पातळ, दुसऱ्या काचेच्या कडेने जिभेच्या आकारात ओढलेला. पातळ थर मिथेनॉलने पक्का करतात, जाड थर तसाच ठेवतात. त्यामुळे जाड थराला रंग देताना पाण्याने तांबड्या पेशी फुटून जातात आणि परजीवी तेवढे मागे राहतात. रंग गिम्सा असतो, नाहीतर भारतातल्या मलेरिया कार्यक्रमात रुळलेला जेएसबी. रंग चढला की परजीवीचे केंद्रक लाल आणि पेशीद्रव निळा दिसतो. कोवळा परजीवी खडा बसवलेल्या अंगठीसारखा असतो. निळी कडी आणि तिच्यावर एक लाल ठिपका. तेलाचा थेंब टाकून, हजारपट मोठे करून तंत्रज्ञ एकामागून एक दृश्यक्षेत्र तपासत जातो. शंभर क्षेत्रांत काहीच सापडले नाही, तरच पट्टी ‘निगेटिव्ह’ म्हणायची असा दंडक आहे.

हे काम डोळ्यांचा आणि चिकाटीचा कस पाहणारे आहे. एका मायक्रोलिटर रक्तात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. चांगला तंत्रज्ञ साध्या दवाखान्यात मायक्रोलिटरमागे ५० परजीवींपर्यंत पोहोचतो, म्हणजे लाखात एक बाधित पेशी हुडकतो. दिवसभरातली चाळिसावी पट्टी पाहताना तीच नजर राहत नाही, यात तंत्रज्ञाचा दोष नाही. पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढतात तेव्हा पट्ट्यांचा ढीग साचतो. दूरच्या गावातला रक्तनमुना प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचून निकाल परत येईपर्यंत दिवस जातात. फाल्सिपेरम जातीचा मलेरिया तेवढ्या अवधीत मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात मलेरियाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. यांतली बहुतेक आफ्रिकेतली, आणि तिथल्या मृतांत पाच वर्षांखालची मुले सर्वाधिक.

दूरच्या गावांची अडचण आशा कार्यकर्तीच्या पिशवीतल्या झटपट चाचणीच्या किटने पुष्कळ कमी केली. पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर रेघ उमटते. ही चाचणी परजीवीने सोडलेली प्रथिने ओळखते आणि फाल्सिपेरमसाठी मुख्यतः एचआरपी-२ या प्रथिनावर विसंबते. पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यात आणि पुढे आफ्रिकेत एरिट्रियासारख्या देशांत असे परजीवी सापडले आहेत, ज्यांच्यात या प्रथिनाचा जनुकच गळून गेला आहे. अशा रुग्णाची रेघ उमटत नाही, ताप मात्र चढतच राहतो. एक प्रथिन टाकून परजीवी जगू शकतो, पण हिमोग्लोबिन खाऊन हीमचे स्फटिक न करता त्याला जगता येत नाही. हिमोझॉइनवर आधारलेल्या प्रकाशीय पद्धतींचे खरे बळ इथे आहे.

प्रकाशाचा सर्वांत सोपा उपयोग रंगद्रव्ये चमकवण्याचा. माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते, म्हणून डीएनएही नसतो. अॅक्रिडीन ऑरेंजसारखे रंगद्रव्य डीएनएला चिकटते आणि निळ्या प्रकाशात हिरवे चमकते. काळोख्या पार्श्वभूमीवर तांबड्या पेशीच्या आत हिरवा ठिपका दिसला, तर तो बहुधा परजीवीच. पूर्वी यासाठी महागडे पाऱ्याचे दिवे लागत, आता एलईडीवर काम भागते. तरी पांढऱ्या पेशीही चमकतात आणि रंगद्रव्य लवकर फिके पडते, त्यामुळे सराव हवाच.

हिमोझॉइनला रंगद्रव्य लागत नाही. त्याची खूण त्याच्या घडणीतच आहे. प्रकाशाची लहर साधारणपणे सगळ्या दिशांनी थरथरत पुढे जाते, ध्रुवण पट्टी तिला एकाच प्रतलात थरथरायला लावते. अशा दोन पट्ट्या एकमेकींना काटकोनात धरल्या की पहिलीतून आलेला प्रकाश दुसरी अडवते आणि सगळा काळोख होतो. उन्हाच्या दोन ध्रुवित चष्म्यांच्या काचा एकीवर एक ठेवून फिरवल्या तर हे घरीही दिसते. आता या दोन पट्ट्यांमध्ये रक्ताची काच ठेवली, तर तांबड्या पेशींतून जाताना प्रकाशाच्या ध्रुवणात म्हणण्यासारखा फरक पडत नाही, दृश्य काळेच राहते. हिमोझॉइनचा स्फटिक मात्र वेगवेगळ्या दिशांनी कंपणाऱ्या प्रकाशाला वेगवेगळ्या वेगाने जाऊ देतो. त्यातून गेलेल्या प्रकाशाचे ध्रुवण बदलते आणि तो दुसऱ्या पट्टीतून निसटतो. साध्या प्रकाशात तपकिरी दिसणारा कण इथे काळोखातल्या चांदणीसारखा उजळतो. ताजे, न रंगवलेले रक्त पाहिले तर परजीवीच्या पोकळीतले हे कण जागच्या जागी गिरक्या घेतानाही दिसतात. काच फिरवली की एकेक चांदणी विझते आणि पुन्हा पेटते. धुळीचे आणि रंगाच्या खड्यांचे कणही कधीकधी चमकतात, म्हणून नुसती चमक पुरेशी नसते. ती पेशीच्या आत आहे का, हेही पाहावे लागते.

याच गुणधर्माचा एक अनपेक्षित उपयोग रक्तगणनेच्या यंत्रात झाला. ताप आला की डॉक्टर सीबीसी करायला सांगतात. ती करणाऱ्या काही यंत्रांत पेशी एकेक करून लेसरच्या झोतातून जातात आणि विखुरलेल्या प्रकाशावरून त्यांची जात ठरते. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीतले कण प्रकाशाचे ध्रुवण बिघडवतात, म्हणून त्या वेगळ्या काढण्यासाठी एका कंपनीच्या यंत्रांत ध्रुवण मोजायची सोय होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिका आणि पोर्तुगाल इथल्या संशोधकांच्या लक्षात आले, की मलेरियाच्या रुग्णांच्या आलेखावर भलत्याच जागी ठिपके उमटत आहेत. परजीवी फुटल्यावर सांडलेले हिमोझॉइन पांढऱ्या पेशींनी गिळले होते आणि त्या पेशी आता ध्रुवण बिघडवत होत्या. रुग्णाला मलेरिया आहे अशी शंका डॉक्टरांना आलेली नसतानाही यंत्राने तो दाखवावा, ही या मार्गाची मोठी जमेची बाजू. मलेरियाची चाचणी मागितली तरच होते, सीबीसी मात्र जवळजवळ प्रत्येक तापात होते. त्यानंतर ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या लेसरने थेट बाधित तांबड्या पेशी मोजणारी यंत्रेही निघाली. ही यंत्रे शहरातल्या प्रयोगशाळेला शोभतात, जंगलातल्या उपकेंद्राला नाही.

उपकेंद्रासाठी जास्त आशा वाटावी अशी कल्पना चुंबकाची आहे. हिमोझॉइनमधले लोह अशा अवस्थेत असते, की स्फटिक चुंबकीय क्षेत्रात ठरावीक दिशेने वळतो. प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन तसे वळत नाही. पद्धत अशी: थेंबभर रक्तातल्या पेशी फोडून स्फटिक मोकळे करायचे, त्यातून ध्रुवित प्रकाश सोडायचा आणि भोवती चुंबक फिरवायचा. स्फटिक असतील तर ते चुंबकाच्या तालावर वळतात आणि पलीकडे येणारा प्रकाशही त्याच तालावर कमी-जास्त होतो. स्फटिक नसतील तर चुंबक कितीही फिरवा, प्रकाश स्थिर राहतो. हंगेरीतल्या बुडापेस्ट इथे विकसित झालेल्या अशा उपकरणाची पापुआ न्यू गिनीतल्या तापाच्या रुग्णांवर चाचणी झाली. दुसऱ्या एका गटाचे हातात मावेल असे, बॅटरीवर चालणारे उपकरण दक्षिण अमेरिकेत तपासले गेले. निकाल काही मिनिटांत येतो, रंग आणि शीतपेटी लागत नाही. सगळ्या प्रकाशीय पद्धतींत गावापर्यंत पोहोचण्याच्या सर्वांत जवळ हीच आली आहे.

पदार्थ ओळखायचा आणखी एक मार्ग म्हणजे त्याचा वर्णपट. प्रत्येक रेणू प्रकाशाच्या ठरावीक लहरी गिळतो किंवा ठरावीक प्रमाणात बदलून परत फेकतो. या दुसऱ्या घटनेचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी लावला, म्हणूनच तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. रामन विकिरणात परतणाऱ्या प्रकाशापैकी अत्यल्प अंशाचाच रंग बदलतो, पण हीमसारखा गडद रेणू योग्य लेसरखाली हा संकेत कितीतरी पटींनी वाढवतो. हिमोझॉइनचे रामन वर्णपट त्यामुळे स्पष्ट मिळतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या बेडन वुड यांच्या गटाने या मार्गावर बरेच काम केले. २०१४ साली त्यांनी अवरक्त प्रकाशाकडे वळून वेगळीच खूण पकडली, ती परजीवीच्या पटलातल्या मेदाम्लांची. कोवळ्या परजीवीतही मेद असतो, त्यामुळे स्फटिक साचण्यापूर्वीच त्याचा सुगावा लागू शकतो. मात्र वर्णपटातला फरक नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका ठळक नसतो. तो संगणकीय गणिताने काढावा लागतो आणि ते गणित एका प्रदेशातल्या रक्तावर शिकवले तर दुसऱ्या प्रदेशात चुकू शकते. रक्तक्षय, सिकलसेल, आहार अशा कितीतरी गोष्टी वर्णपट हलवतात. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या सिकलसेलचे प्रमाण जास्त असलेल्या भागात अशी पद्धत आणायची, तर तिथल्याच रक्तावर ती आधी पारखून घ्यावी लागेल.

काही पद्धती स्फटिक न पाहता पेशीचे अंग चाचपतात. निरोगी तांबडी पेशी इतकी लवचीक असते, की स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून दुमडून पार होते. फाल्सिपेरम आत वाढू लागला की तिचे पटल ताठर होते. आर्थर अ‍ॅश्किन यांनी १९८६ साली दाखवलेल्या प्रकाशीय चिमट्याने हा ताठरपणा मोजता येतो. लेसरचा झोत एका बिंदूवर केंद्रित केला की सूक्ष्म कण त्या बिंदूपाशी अडकून राहतो. या कामासाठी अ‍ॅश्किन यांना २०१८ चे नोबेल मिळाले. अमेरिकेतल्या एमआयटीत सुब्रा सुरेश यांच्या गटाने पेशीच्या दोन टोकांना काचेचे सूक्ष्म मणी चिकटवून ती चिमट्याने ताणली. पक्व परजीवी असलेली पेशी निरोगी पेशीपेक्षा दहापटीच्या आसपास ताठर निघाली.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २००४ साली याहून साधा आणि देखणा प्रयोग झाला. दीपक माथूर, शोभना शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबड्या पेशी जास्त क्षाराच्या द्रावणात ठेवल्या. पाणी बाहेर गेल्याने पेशी आकसून दुमडली. तिला प्रकाशीय चिमट्यात धरताच ती भिंगरीसारखी फिरू लागली. पेशीच्या वाकड्या आकारावरून लेसरचा प्रकाश परावर्तित आणि वक्रीभूत होताना तिला पीळ बसतो, त्याचा हा परिणाम. मलेरियाबाधित पेशीला तसा पीळ बसेना, फिरवणारा जोर सुमारे दहापटीने कमी भरला. ताठर पेशी नीट दुमडत नाही, म्हणून प्रकाशाला तिच्यावर पकड मिळत नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही पेशींच्या या फिरण्याचा निदानासाठी अभ्यास झाला. एकेक पेशी पकडून तपासायची, तर लाखात एक बाधित पेशी शोधायला किती वेळ लागेल, हा प्रश्न मात्र उरतो. शिवाय व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी पेशीला ताठ करत नाही, उलट अधिक लवचीक करतो. म्हणून भारतात, जिथे दोन्ही जाती नांदतात, नुसत्या ताठरपणावर निदान बेतता येणार नाही. या प्रयोगांचे मोल मुख्यतः रोग समजून घेण्यात आहे.

सुई न टोचता निदान, हे या क्षेत्रातले सर्वांत मोठे स्वप्न आहे. रक्त घ्यायला नकार देणारी गावे असतात, लहान मूल सुई पाहून रडते, आणि ताप नसलेल्या शेकडो माणसांचे रक्त घेत फिरणे सोपे नसते. अमेरिकेतल्या ह्यूस्टन इथल्या राइस विद्यापीठात दिमित्री लापोत्को यांच्या गटाने २०१४ साली त्वचेवरून लेसरचा अतिशय अल्पकाळाचा स्पंद सोडला. हिमोझॉइनने तो शोषला, स्फटिकाभोवतालचे पाणी क्षणार्धात वाफ झाले आणि एक सूक्ष्म बुडबुडा फुटला. त्या फुटण्याचा आवाज त्वचेवर ठेवलेल्या संवेदकाने टिपला. बाधित उंदरांत हे जमले. अशाच तत्त्वावर, नसेतून वाहणाऱ्या बाधित पेशींचा लेसरने उठणारा आवाज ऐकणारे एक यंत्र पुढे आफ्रिकेत कॅमेरूनमधल्या मोजक्या रुग्णांवर तपासले गेले. निकाल उत्साह वाढवणारे होते, पण बाधा नसलेल्या काहींनाही यंत्राने बाधित ठरवले.

त्वचेवरून प्रकाश आत पाठवायचा तर वाटेत मेलॅनिन आडवे येते. कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर सावळ्या त्वचेवर प्राणवायूचे प्रमाण खऱ्याहून जास्त दाखवू शकतो, हे त्याच सुमारास चर्चेत आले होते. मलेरिया आहे तो मुख्यतः सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या माणसांच्या देशांत. म्हणून असे उपकरण त्याच माणसांवर सिद्ध व्हायला हवे.

सगळ्या हिमोझॉइन-पद्धतींची मोठी मर्यादा परजीवीच्या वयात आहे. अंगठीच्या अवस्थेतला कोवळा परजीवी अजून फारसे जेवलेला नसतो, म्हणून त्याच्याकडे कचराही नगण्य असतो. फाल्सिपेरममध्ये पोट भरलेले, स्फटिकांनी लदलेले परजीवी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात आणि बोटातून काढलेल्या रक्तात येतात त्या बहुतांशी कोवळ्या अंगठ्याच. म्हणजे रुग्ण गंभीर असूनही थेंबात स्फटिक थोडे असू शकतात. पांढऱ्या पेशींनी गिळलेले स्फटिक मोजून ही उणीव काही अंशी भरून निघते. पण ते स्फटिक आजार बरा झाल्यावरही काही काळ रक्तात राहतात, मग जुना ताप आणि नवा ताप वेगळा ओळखणे अवघड होते. शिवाय स्फटिकावरून परजीवीची जात कळत नाही, आणि उपचार तर जातीवर ठरतो. व्हायव्हॅक्स असेल तर यकृतात दडी मारून बसलेल्या त्याच्या सुप्त रूपासाठी प्रायमाक्विनचा वेगळा डोस द्यावा लागतो. त्या सुप्त रूपाने हिमोग्लोबिनचा घासच घेतलेला नसतो, म्हणून रक्तावर टाकलेला कोणताही प्रकाश त्याला दाखवू शकत नाही. या कारणांनी प्रकाशीय उपकरण आज चाळणीसारखे वापरण्याचा विचार होतो. त्याने शंका दाखवलेल्या रुग्णाची जात रंगवलेल्या काचपट्टीवर किंवा जनुकीय चाचणीवर पक्की करायची, आणि त्याने निर्दोष ठरवलेल्या रुग्णाचा ताप उतरत नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब घ्यायचा. एक दिवस गेला की कोवळे परजीवी मोठे होतात, जेवतात आणि त्यांचा काळा कण प्रकाशात येतो.